मनगटावरच्या तीन बोटांची कुळकथा

नाडी मनगटावरच पाहायची, हा नियम चिनी वैद्यकात मुळात नव्हता. १९७३ मध्ये हुनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ मावांगतुई इथे एक थडगे उघडले गेले. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेल्या त्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या पोथ्या निघाल्या. त्यांतल्या वैद्यकाच्या पोथ्यांत शरीरातून वाहणारे अकरा मार्ग सांगितले आहेत. कोणता मार्ग बिघडला की कुठे दुखते हे सांगून त्या मार्गावर शेक किंवा डाग द्यायला सांगितले आहे. सुयांचे नावही नाही. हूबेई प्रांतात चांगच्याशान इथे मिळालेल्या त्याच काळातल्या बांबूपट्ट्यांत तर नाडी घोट्यापाशी हात ठेवून जोखायची रीत दिली आहे.

त्यामागची रोगाची कल्पना सरळ आहे. या मार्गांतून ‘छी’ म्हणजे प्राण आणि रक्त वाहते. प्रवाह मोकळा आणि पुरेसा असला की माणूस निरोगी. वारा, थंडी, ओल, उष्मा बाहेरून शिरले, राग किंवा शोक आत साचला, खाणे-श्रम यांचा तोल गेला, की प्रवाह अडतो, आटतो नाहीतर उसळतो. तेव्हा वैद्याने शोधायचे ते इतकेच: बिघाड वरवरचा की खोल, थंड की उष्ण, जोराचा की अशक्तपणाचा.

परंपरा नाडीपरीक्षेचे जनकत्व बिएन छ्वे या वैद्याला देते. इतिहासकार सिमा छिएन यानेही ते दिले आहे. पण बिएन छ्वेच्या सर्वांत गाजलेल्या गोष्टीत तो नाडीला हातही लावत नाही. छी राज्याच्या राजाकडे नुसते पाहून तो सांगतो, की रोग कातडीत आहे. राजा ऐकत नाही. रोग रक्तात, मग आतड्यांत, शेवटी हाडांच्या मज्जेत उतरतो आणि राजा मरतो. गोष्ट सुरेख आहे, पण ती आख्यायिका आहे.

माझ्या मते या विद्येचा खरा मूळपुरुष छुन्यू यी. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला हा छी प्रदेशातला धान्यकोठाराचा अधिकारी. सत्तरी ओलांडलेल्या, मुलगा नसलेल्या एका गुरूने आपल्याजवळची नाडीची पुस्तके त्याला दिली. पुढे त्याच्यावर खटला झाला आणि अवयव तोडण्याच्या शिक्षेची वेळ आली. तेव्हा त्याची धाकटी मुलगी तीयिंग राजधानीला गेली आणि वडिलांच्या बदल्यात मला दासी करा, असा अर्ज तिने सम्राट वनकडे केला. त्या अर्जाने सम्राट द्रवला आणि अशा शिक्षा रद्द झाल्या. नंतर सम्राटाने छुन्यू यीला त्याच्या वैद्यकीबद्दल विचारले. त्याच्या उत्तरात २५ रोग्यांची हकीकत आहे: रोगी कोण, काय करतो, नाडी कशी लागली, त्यावरून काय ताडले, पुढे काय झाले. त्यांतले १० रोगी दगावले, आणि तेही त्याने लपवले नाही. निदान कधी चुकते का, या प्रश्नावर त्याने स्पष्ट सांगितले, की मन नाडीवर पुरते एकाग्र नसले तर चुकते. दोन हजार वर्षांपूर्वी, सम्राटासमोर, नुकत्याच सुटलेल्या माणसाने हे सांगावे याचे मोल मला फार वाटते.

‘ह्वांगती नेइचिंग’ या मूळ ग्रंथात डोके, हात आणि पाय अशा तीन भागांत तीन-तीन, मिळून नऊ ठिकाणी नाडी पाहायला सांगितले आहे. तिला मनगटावर आणले ते त्यानंतरच्या ‘नानचिंग’ या ८१ प्रश्नांच्या ग्रंथाने. सगळे मार्ग मनगटाच्या धमनीत येऊन मिळतात, तेव्हा तिथेच सगळे कळते, असा त्याचा युक्तिवाद. मग बोटांच्या तीन जागा ठरल्या. डाव्या हातावर हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजव्या हातावर फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंडाचा अग्नी.

घड्याळ नव्हते, म्हणून वैद्याचा स्वतःचा श्वास हेच माप ठरले. त्याच्या एका श्वासोच्छ्वासात रोग्याचे चार-पाच ठोके पडले तर ठीक. तीन पडले तर थंडीचा विकार, सहा पडले तर उष्णतेचा. अर्थात वैद्य स्वतः निरोगी हवा. वेळ पहाटेची, खाण्याआधीची, कारण तेव्हा शरीर शांत असते. हलक्या बोटाला लागते ती तरंगती नाडी, म्हणजे रोग वर आहे. दाबल्यावरच लागते ती बुडालेली, म्हणजे रोग आत आहे. तिसऱ्या शतकात वांग शूहे याने ‘मायचिंग’मध्ये नाडीचे २४ प्रकार लावले, आणि हे मनाला समजते पण बोटाखाली ओळखणे अवघड, अशी कबुलीही दिली. १५६४ मध्ये ली शिचनने ते २७ केले.

पुढे ही विद्या पश्चिमेकडे निघाली. १३१३ मध्ये इराणात तब्रीझला वजीर रशीदुद्दीनने तिचे फारसी भाषांतर करवून घेतले. पोलंडचा जेझुइट मिखाल बोइम १६५१ मध्ये चीनहून गोव्याला आला आणि तिथून खुष्कीच्या वाटेने युरोपकडे गेला. १६८२ मध्ये फ्रँकफर्टला आंद्रेआस क्लायर या जर्मन डॉक्टरच्या नावाने चिनी वैद्यकावर पुस्तक छापले गेले. त्यात बोइमचे काम बरेच आहे, असे अभ्यासक मानतात. चिनी नाडीविद्येने प्रभावित झालेल्या जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरने १७०७ मध्ये नाडी मोजायला मिनिटभर चालणारे घड्याळ वापरात आणले.

आपल्याकडे चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा नाही. ती शार्ङ्गधरसंहितेत प्रथम दिसते.

आजच्या चाचण्यांत एकाच रोग्याच्या नाडीवर वेगवेगळ्या वैद्यांचे एकमत पुष्कळदा होत नाही. चिनी परंपरेतही पाहणे, ऐकणे-हुंगणे, विचारणे आणि मग स्पर्श, असा क्रम आहे, नाडी शेवटची. म्हणून एखादा वैद्य काहीही न विचारता नुसते मनगट धरून सगळे रोग सांगू लागला, तर त्याने ही विद्या अर्धीच शिकली आहे असे समजा, आणि तपासण्या करून घ्या.