उकासी टेकडीवरील केसाळ माशी

माशी म्हटली की आपण हाताने हाकलतो. तिचे कुलगोत्र विचारीत नाही. परंतु केनयामधील एका माशीचे कुलगोत्र ठरविण्यास विद्वानांना पाऊणशे वर्षे लागली, हे ऐकून आपणांस नवल वाटेल.

नैरोबीच्या पूर्वेस, थिकाहून गारिसाकडे जाणाऱ्या मार्गावर उकासी नावाची खडकाळ टेकडी आहे. तिच्या एका अरुंद कपारीत वटवाघळांची वस्ती आहे. 1933 मध्ये मेजर शार्प यांना तेथे एक विचित्र प्राणी आढळला. लांबी सुमारे एक सेंटिमीटर, अंगभर पिवळसर केस, लांब पाय, बारीक डोळे; पाहताक्षणी कोळीच वाटावा! परंतु कोळ्याला पाय आठ, याला सहाच. पाठीवर पट्टीसारखे दोन निरुपयोगी पंखही होते. अर्थात ही माशीच, पण उडता न येणारी.

ब्रिटिश म्युझियममधील माशांचे अभ्यासक ऑस्टेन यांनी 1936 मध्ये तिचे शास्त्रोक्त वर्णन प्रसिद्ध केले व ‘मॉर्मोटोमाया हिर्सुटा’, म्हणजे भयंकर केसाळ माशी, असे नामकरण केले. ज्ञात असलेल्या कोणत्याही कुलात ती बसेना, म्हणून त्यांना नवी जाती, नवी प्रजाती आणि नवे कुल अशी तिन्ही नावे एकदमच निर्माण करावी लागली. एका कुलात एकच प्रजाती आणि तीत एकच जाती! वंशवृक्षाच्या कोणत्या फांदीवर हे एकुलते पान लावावे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

1948 मध्ये ती पुन्हा सापडली आणि मग दिसेनाशी झाली. पुढील शोध निष्फळ ठरले. अखेर डिसेंबर 2010 मध्ये रॉबर्ट कोपलंड व ॲशली कर्क-स्प्रिग्ज यांना ती त्याच कपारीत जिवंत आढळली. तिच्या अळ्या वटवाघळांच्या विष्ठेत वाढतात. ताजे नमुने हाती आल्याने शरीररचनेची व आनुवंशिक द्रव्याची नव्याने तपासणी करता आली. पिकलेल्या फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशा ज्या महाकुलात मोडतात, त्याच गोतावळ्यात अभ्यासकांनी आता तिला स्थान दिले आहे.

ही केवळ नावांची उठाठेव नव्हे. सामान्य माशी एका जागी नष्ट झाली, तरी तिचे भाऊबंद इतरत्र उरतात. या माशीला भाऊबंदच नाहीत. उद्या त्या कपारीतील वटवाघळे निघून गेली, तर तिचा निर्वाह कशावर व्हावा? आणि ती गेली, तर केवळ एक जाती नव्हे, एक संपूर्ण कुलच सृष्टीच्या वहीतून पुसले जाईल. ज्याची नोंदच नाही, त्याच्या जाण्याचे दुःखही कोणास होत नाही. ऑस्टेन यांनी केलेल्या नोंदीचे मोल येथे कळते.