‘ययाति’ : हस्तिनापूरचा चाळिशीतला संसारी पुरुष

पांढरकवडा - घरात बायको आहे, मुले आहेत, पदरी मानमरातब आहे. तरीही आपले तारुण्य निसटून चालले या भयाने पुरुष कासावीस होतो आणि हाती लागेल ते सुख ओरबाडू पाहतो. या अवस्थेवर मराठीत कोणती कादंबरी आहे, असे विचारल्यास वाचकाच्या डोळ्यांपुढे एखादा महानगरी, नोकरदार नायक उभा राहील. मराठी वाचकाला सर्वाधिक परिचित असलेली अशी कादंबरी मात्र हस्तिनापूरच्या राजवाड्यात घडते. ती म्हणजे वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’.

कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. ‘मध्यवयातील संकट’ ही संज्ञा मनोविश्लेषक इलियट जॅक्स यांनी रूढ केली ती १९६५ मधील एका निबंधातून. मृत्यू आता समोरून दिसू लागला, ही जाणीव त्या अस्वस्थतेच्या मुळाशी असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. खांडेकरांच्या नायकाला ही जाणीव सहा वर्षे आधीच झालेली होती.

मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातील आहे. नहुषपुत्र ययाती शुक्राचार्यांच्या कन्येशी, देवयानीशी विवाह करतो. तिची दासी होऊन आलेल्या राजकन्या शर्मिष्ठेशीही तो गुप्तपणे संबंध ठेवतो. हे उघड झाल्यावर शुक्राचार्य त्याला अकाली वार्धक्याचा शाप देतात. मात्र दुसऱ्या कोणी ते स्वीकारल्यास त्याला तारुण्य परत मिळेल, अशी सवलतही ठेवतात. ययाती आपल्या पाचही पुत्रांपुढे हात पसरतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात. धाकटा पुरू बापाचे म्हातारपण घेतो. हजार वर्षे भोग घेऊनही वासना शमत नाही, हे उमगल्यावर ययाती तारुण्य परत करतो.

खांडेकरांनी ही हजार वर्षे गाळून टाकली. त्यांना रस आहे तो शापाच्या आधीच्या काळात. म्हणजे एका बिघडलेल्या लग्नाच्या कहाणीत. पहिल्याच रात्री ययातीच्या तोंडाला मद्याचा वास येतो आणि देवयानी त्याला दूर लोटते. पित्याने मद्यापायी काय भोगले, हे तिने पाहिलेले असते. ययातीला यातले काहीच ठाऊक नसते आणि विचारण्याचे त्याला सुचतही नाही. तो फक्त दुखावतो. पुढे शर्मिष्ठेचे प्रकरण कळल्यावर देवयानी त्याच्याकडून आपल्याला स्पर्श न करण्याची शपथ घेते आणि राजवाड्यात पती-पत्नी परक्यांसारखे राहू लागतात. अपमान, अबोला, वेगळ्या खोल्या, मग मद्य आणि मंदारासारख्या खुशमस्कऱ्यांची सोबत, असा हा उतार आहे. तो ज्या बारकाईने रेखाटला आहे, तसा खांडेकरांच्या इतर कादंबऱ्यांत क्वचितच आढळतो.

या उतरणीची बीजे बालपणात आहेत. सोनेरी केसांची अलका ही ययातीची पहिली ओढ. राजमाता तिला विष देववते. थोरला भाऊ यती शरीरसुखाचा द्वेष करीत अरण्यात निघून गेलेला असतो. एक भाऊ देहाचा शत्रू, तर दुसरा देहाचा गुलाम. या दोघांच्या मध्ये लेखकाने कचाला उभे केले आहे. संयमी, प्रेमळ, तत्त्वज्ञ असा हा कच खरे तर कादंबरीतील सर्वांत दुबळा भाग. तो येतो आणि वाचक सावरून बसतो, कारण आता प्रवचन होणार हे त्याला कळून चुकते. अलंकारांची आणि सुभाषितांची रेलचेल आजच्या वाचकाला जड जाते, हेही मान्य केले पाहिजे. अवघ्या चार वर्षांनी, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि मराठी कादंबरीची भाषाच पालटली.

असे असूनही ‘ययाति’ टिकली याचे मोठे श्रेय तिच्या रचनेला द्यावे लागेल. कथा ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतः सांगतात. ययातीचे निवेदन वाचताना त्याची कीव येते; प्रत्येक घसरणीसाठी त्याच्याजवळ कारण तयार असते. पान उलटून देवयानी बोलू लागली की तीच घटना निराळी दिसते. तिचा अहंकार लेखकाने झाकलेला नाही, पण तिची फसवणूकही झाकलेली नाही. शर्मिष्ठेच्या वाट्याला तर तान्ह्या पुरूला घेऊन रातोरात परागंदा होणे येते. पुरुषाच्या या संकटाची किंमत घरातील इतरांनी चुकवायची असते, ही गोष्ट तिघांच्या निवेदनातून आपोआप समोर येते. नायकाला एकट्यालाच बोलू दिले असते तर ही केवळ एका विलासी राजाची पश्चात्तापकथा झाली असती.

या कथेने आणखी दोघा मोठ्या लेखकांना खुणावले. गिरीश कार्नाड यांचे कन्नड नाटक ‘ययाति’ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले, तर वि. वा. शिरवाडकर यांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ साली रंगभूमीवर आले. कार्नाडांनी पुरूची पत्नी चित्रलेखा निर्माण केली आणि एका रात्रीत म्हातारा झालेल्या पतीचे तिने काय करावे, हा प्रश्न सासऱ्यापुढेच मांडला. पुढे तिघांनाही ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला : खांडेकरांना १९७४ चा, शिरवाडकरांना १९८७ चा आणि कार्नाडांना १९९८ चा. मराठीला ज्ञानपीठ मिळवून देणारे खांडेकर पहिले. ‘ययाति’ला त्याआधी १९६० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला होता.

खांडेकरांचा जन्म १८९८ मध्ये सांगलीचा. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत त्यांनी शिक्षकी केली आणि नंतर ते कोल्हापुरात स्थायिक झाले. ‘क्रौंचवध’ (१९४२) नंतर ‘अश्रू’ (१९५४) येईपर्यंत मध्ये बारा वर्षे गेली. ‘ययाति’ लिहिली तेव्हा त्यांनी साठी गाठलेली होती. यंत्रयुगातील सामान्य माणूस भोगाच्या मागे आंधळेपणाने धावतो आहे आणि तो ययातीचाच वारस आहे, ही त्यांची भूमिका होती. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.

यवतमाळ जिल्ह्यात बसून हे पुस्तक वाचताना एक विसंगती खटकते. येथे मध्यमवयीन, विवाहित पुरुषाचे संकट म्हटले की कापूस, कर्ज आणि सातबारा आठवतो. ययातीची व्यथा ही भरल्या पोटाची व्यथा आहे. मात्र बापाचे ओझे मुलाने डोक्यावर घेण्याचा प्रसंग येतो तेव्हा हा फरक पुसट होतो. केळापूर तालुक्यातील वाचकाला पुरू परका वाटण्याचे कारण नाही. बापाच्या नावावरचे कर्ज वयाच्या विशीत अंगावर घेतलेली मुले त्याने पाहिलेली असतात.

‘ययाति’ सध्या मेहता पब्लिशिंग हाऊसच्या आवृत्तीत मिळते, य. प. कुलकर्णी यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आहे. विद्यार्थिदशेत ज्यांनी ती शर्मिष्ठेसाठी वाचली असेल, त्यांनी चाळिशीनंतर एकदा देवयानीचे भाग तेवढे पुन्हा वाचून पाहावेत.