गाठ एक, आजार दोन : समुद्रशैवालापासून दिल्लीच्या मिठापर्यंत

गळ्यावरची सूज दिसते, तिचे कारण दिसत नाही. अवटू ग्रंथीवरील, म्हणजेच थायरॉईडवरील, औषधांच्या इतिहासात जी गुंतागुंत आढळते तिचे मूळ इथेच आहे.

चौथ्या शतकात गे हाँग या चिनी वैद्याने तातडीच्या उपचारांचा एक छोटेखानी ग्रंथ रचला. मलेरियावरील आर्टेमिसिनिनचा धागा तू यूयू यांना ज्या ग्रंथात सापडला, तोच हा. गळ्याच्या गाठीवर ‘हायझाओ’ हे समुद्रशैवाल मद्यात भिजवून घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. पुढे १६१७ मध्ये चेन शिगोंग यांच्या शल्यग्रंथात ‘हायझाओ युहू तांग’ हा काढा आला. त्यात हायझाओबरोबर ज्येष्ठमधही पडते. आणि ही दोन द्रव्ये एकत्र देऊ नयेत, असा चिनी वैद्यकाचाच जुना दंडक आहे! नियम मोडूनही काढा टिकला, कारण पुष्कळांच्या गाठी त्याने उतरत असाव्यात. का उतरत, याचे उत्तर युरोपातून आले. १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा यांना शैवालाच्या राखेत आयोडीन सापडले आणि १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे. कांचनार गुग्गुळ हे त्यावरील प्रसिद्ध औषध. वसंतात दिल्लीच्या रस्त्यांकडेला फुलणाऱ्या कांचनवृक्षाची साल त्यात असते. ‘गलगंड’ काय किंवा चिनी ‘यिंग’ काय, ही नावे आकाराची आहेत. आत काय बिघडले, हे ती सांगत नाहीत.

१९५६ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, एकाला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंड ओसरला, तिसऱ्यात तसाच राहिला. मग त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ मिळाले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. रामलिंगस्वामी पुढे दिल्लीच्या एम्सचे संचालक झाले. १९८० मध्ये पांडव, कोचुपिल्लै, करमरकर आदी एम्सच्या संशोधकांनी खुद्द दिल्लीतील गलगंडावर निबंध प्रसिद्ध केला. गलगंड हा डोंगराळ मुलखाचाच आजार, हा समज त्यानंतर टिकणे कठीण होते.

त्याच १९५६ मध्ये लंडनमध्ये रॉइट, डोनिअक आणि सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींत पाहिलेल्या दाहाचे गूढ त्यामुळे उकलले. इथे शरीराचे संरक्षक दलच ग्रंथीवर चालून जाते. अशा ग्रंथीला अधिक आयोडीन देणे काही रुग्णांत दाह वाढवू शकते. पहिल्या गाठीचे औषध दुसऱ्या गाठीचे इंधन ठरावे, हा विलक्षण योग म्हणायचा.

मीठ घरोघरी पोहोचल्यावरही शाळकरी मुलामुलींचे गलगंड पुरते नाहीसे झाले नाहीत. दिल्लीच्या तिमारपूर भागातील ‘इन्मास’ या संरक्षण संशोधन संस्थेतील वैद्यांनी सुईने पेशी काढून तपासल्या, तेव्हा त्यांतील काहींत हाच स्वप्रतिकारी दाह आढळला. म्हणून मिठालाच दोषी धरणारे लेख अधूनमधून फिरतात. ते मला उतावीळ वाटतात. गरोदरपणी आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. प्रौढ माणसाची गरज दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम. समुद्रशैवालाच्या थोड्याशा भुकटीतून मात्र याच्या कितीतरी पट आयोडीन पोटात जाऊ शकते, आणि दर जातीच्या शैवालात ते निराळे असते. ‘नैसर्गिक’ म्हणून घरपोच मागवलेल्या कॅप्सूल हाशिमोतोच्या रुग्णाने तपासणीविना घेणे त्यामुळे धोक्याचे.

चिनी वैद्यांतही यावर वाद आहे. कुणी शैवाल अल्प मात्रेत ठेवतात. कुणी ते वगळून ‘शियाकुचाओ’कडे वळतात. ही वनस्पती आपल्या हिमालयातही उगवते. तिच्या चाचण्यांत प्रतिपिंडे घटल्याचे निष्कर्ष आले आहेत. पण बऱ्याच चाचण्या लहान, आणि रुग्णांना सोबत सेलेनियम किंवा थायरॉक्सिनही चालू होते. कांगड्यात साध्या मिठाचा एक विभाग होता, म्हणून फरक कशाने पडला ते कळले. या काढ्यांच्या बहुतेक चाचण्यांत नेमका तसा, नुसत्या दिखाऊ गोळीचा, गट नसतो.