पगारपत्रकातून उभे राहिलेले युद्धकर्ज

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांमधील कामगारांनी युद्धखर्चाला जो हातभार लावला, तो प्रामुख्याने देणगीच्या नव्हे तर कर्जाच्या रूपाने. सरकारने काढलेले ‘ई’ मालिकेचे बचतरोखे ते दर पगाराला थोडी थोडी रक्कम कापून घेऊन विकत घेत. या व्यवस्थेला पगार-बचत योजना म्हणत. ती कागदोपत्री पूर्णपणे ऐच्छिक होती. प्रत्यक्षात मात्र कारखान्यातील शिस्त, शेजारच्या यंत्रावरचे सहकारी आणि पगाराचा हिशेब ठेवणारे कार्यालय या तिन्हींच्या बळावर ती चालली.

योजनेच्या आखणीमागे पहिल्या महायुद्धाचा अनुभव होता. १९१७-१८ मध्ये चार ‘लिबर्टी लोन’ आणि १९१९ मध्ये एक ‘व्हिक्टरी लोन’ अशी कर्जे अमेरिकी सरकारने जनतेकडून उभारली. त्या वेळी रोखे न घेणाऱ्यांना देशद्रोही ठरवण्यापर्यंत मजल गेली होती. हे रोखे बाजारात खरेदी-विक्रीचे असल्याने युद्धानंतर त्यांचे भाव दर्शनी किमतीच्या खाली उतरले आणि पैशाची गरज पडलेल्या छोट्या धारकांना ते तोट्यात विकावे लागले. नव्या युद्धासाठी पैसा मागताना अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाऊ यांना ही कटुता टाळायची होती.

१ मे १९४१ रोजी, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, नव्या रोख्यांची विक्री सुरू झाली. पहिला रोखा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी घेतला. सर्वांत लहान रोखा १८.७५ डॉलरला मिळे आणि १० वर्षांनी त्याचे २५ डॉलर होत. चक्रवाढीने व्याजाचा दर साल २.९ टक्के पडे. रोख्यावर धारकाचे नाव असे, त्यामुळे तो हरवला तर दुसरा मिळत असे. तो दुसऱ्याला विकता किंवा गहाण ठेवता येत नव्हता. पण ६० दिवसांनंतर केव्हाही सरकारला परत करून किमान भरलेली रक्कम पदरात पाडून घेता येई. भाव पडण्याची भीती उरली नाही. ज्यांना एकदम एवढे पैसे देणे जमत नसे, त्यांच्यासाठी १० आणि २५ सेंटची बचत-तिकिटे होती. २५ सेंटची ७५ तिकिटे वहीत चिकटवली की एक रोखा होई.

सरकारचे लक्ष कामगारांकडे वळण्याचे कारण केवळ युद्धखर्च हे नव्हते. १९४० मध्ये अमेरिकेत श्रमशक्तीतील १४ टक्क्यांहून अधिक लोक बेकार होते. १९४४ मध्ये हे प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली आले. जादा कामाचे पैसे मिळू लागल्याने कारखान्यांतील आठवड्याची सरासरी कमाई १९४३ मध्ये ४३ डॉलरच्या आसपास गेली. लोकांच्या हाती पैसा आला, पण दुकानांत माल नव्हता. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी वापराच्या मोटारींचे उत्पादन थांबले आणि घरगुती यंत्रांचेही तेच झाले. हा पैसा बाजारात उतरला असता तर महागाई भडकली असती. ब्रिटनमध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी त्यावर सक्तीच्या बचतीचा उपाय सुचवला होता आणि अमेरिकेतही मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मॅरिनर एक्ल्स यांच्यासारखे लोक सक्तीच्या बाजूचे होते. मॉर्गेन्थाऊ यांनी ऐच्छिकतेचा आग्रह सोडला नाही. रोखे विकत घेतल्याने सामान्य माणसाला युद्ध आपले वाटेल, हा त्यांचा हिशेब होता.

सक्ती नसेल तर नियमितपणा हवा होता आणि तो पगाराच्या दिवशीच साधता येणार होता. १९३७ पासून सामाजिक सुरक्षा योजनेसाठी पगारातून कपात होतच होती, त्यामुळे हा मार्ग कार्यालयांच्या सवयीचा होता. कामगार एका कार्डावर सही करून किती रक्कम कापायची ते कळवी. मालक ती त्याच्या नावे साठवी आणि १८.७५ डॉलर जमले की रोखा तयार होई. अनेक कंपन्यांना स्वतः रोखे काढून देण्याचा अधिकार मिळाला होता, म्हणजे कामगाराला बँकेत किंवा टपाल कचेरीत जावे लागत नसे. आठवड्याला पावणेचार डॉलर कापले तर पाच आठवड्यांत एक रोखा हाती पडे. पगाराचा दहावा हिस्सा रोख्यांत घालावा, असे उद्दिष्ट सरकारने १९४२ मध्ये पुढे केले. युद्ध ऐन भरात असताना अडीच कोटींहून अधिक नोकरदार या योजनेत होते.

कामगार संघटनांच्या पाठिंब्याशिवाय हे शक्य नव्हते. ‘एएफएल’ आणि ‘सीआयओ’ या दोन्ही महासंघांनी युद्धकाळात संप न करण्याचे वचन दिले होते. रोख्यांच्या मोहिमेतही ते उतरले आणि आपल्या निधीतूनही त्यांनी रोखे घेतले. ज्या कारखान्यातील ९० टक्के कामगार योजनेत सामील होत, त्याला अर्थखात्याचा ‘मिनिटमॅन’ ध्वज फडकवण्याचा मान मिळे. त्यावरचे चित्र डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी कॉन्कर्ड गावासाठी घडवलेल्या, स्वातंत्र्ययुद्धातील शेतकरी-सैनिकाच्या पुतळ्याचे होते. काही कारखान्यांचे कामगार एखाद्या विमानाच्या किमतीएवढे रोखे घेत आणि त्या विमानावर त्यांच्या कारखान्याचे नाव रंगवले जाई. ज्या वस्तू आपण बनवतो त्यांचाच खर्च आपण उचलतो, ही भावना प्रचाराने हेतुपुरस्सर जोपासली.

युद्धकाळात कामगारवर्गाचा चेहराही बदलला होता. १९४४ मध्ये नोकरदारांत स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते आणि प्रचारचित्रांत यंत्रावर काम करणारी स्त्री दिसू लागली. कृष्णवर्णीयांना संरक्षण-उद्योगांत भेदभावाविना काम मिळावे, असा आदेश रूझवेल्ट यांनी जून १९४१ मध्ये काढला होता. त्यांच्यात रोख्यांचा प्रसार करण्यासाठी अर्थखात्याने वेगळा विभाग उघडून त्यावर विल्यम पिकन्स या कृष्णवर्णीय नेत्याची नेमणूक केली. ज्या देशात समान वागणूक नाही त्याच देशाला कर्ज देण्याचे हे आवाहन होते.

लोक रोखे का घेतात, हे तपासण्यासाठी अर्थखात्याने पाहण्या करवून घेतल्या. त्यांचा निष्कर्ष असा होता की भित्तिचित्रे आणि रेडिओ यांनी मोहीम सर्वांना ठाऊक होते, पण खरेदी मुख्यतः कोणी समोर येऊन मागितल्यावरच होते. अशी गाठ सहज पडण्याची जागा म्हणजे कारखाना. तिथे नावांची यादी तयार असे, प्रत्येकाला त्याच्या ओळखीचाच माणूस गाठे आणि विभागाविभागांत चुरस लागे. नकार देणाऱ्यामुळे सगळ्यांचा ध्वज हुकू शकत असल्याने, कायद्याची सक्ती नसली तरी नकार देणे सोपे नव्हते.

कामगारांवरचे इतर बोजेही वाढत होते. जुलै १९४२ पासून वेतनदरांची वाढ जानेवारी १९४१ च्या पातळीपेक्षा १५ टक्क्यांवर रोखण्यात आली. १९४२ च्या कायद्याने प्राप्तिकर प्रथमच बहुसंख्य कामगारांपर्यंत पोहोचला आणि जुलै १९४३ पासून तोही पगारातूनच कापला जाऊ लागला. त्यामुळे काही जण ६० दिवस होताच रोखे मोडून पैसे घेत.

१९४२ च्या अखेरीपासून १९४५ च्या अखेरीपर्यंत सरकारने आठ मोठ्या कर्जमोहिमा राबवल्या आणि त्यांतून सुमारे १५७ अब्ज डॉलर उभे राहिले. यातला मोठा वाटा विमा कंपन्या, उद्योगसमूह आणि इतर संस्थांचा होता. साडेआठ कोटींच्या आसपास अमेरिकनांनी युद्धकाळात रोखे घेतले, पण लढाईचा खर्च केवळ छोट्या बचतीवर भागला नाही. छोट्या बचतीने मुख्यतः बाजारातील मागणी रोखून धरली आणि कर व भावनियंत्रणाच्या जोडीने महागाईला आवर घातला.

हिशेब पुरा झाला तो युद्धानंतर. १९४६ मध्ये भावनियंत्रण उठताच किमती झपाट्याने चढल्या. १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत अमेरिकेतील राहणीचा खर्च सुमारे पाऊणपट वाढला. त्यामुळे १९४१ मध्ये १८.७५ डॉलर भरलेल्याला १९५१ मध्ये मिळालेल्या २५ डॉलरमध्ये पूर्वीइतकाही माल येत नव्हता. मुद्दल बुडाले नाही, पण त्याची खरेदीशक्ती घटली. सरकारने १९५१ मध्ये मुदत संपलेले रोखे आणखी १० वर्षे व्याजासह ठेवण्याची सोय केली. ‘ई’ मालिकेची विक्री १९८० पर्यंत चालू राहिली आणि पगारातून कागदी बचतरोखे घेण्याची पद्धत २०१० च्या अखेरीस बंद झाली.