परभाषी विद्यार्थी व विषयशिक्षक

इंग्रजी न कळणाऱ्या मुलास ती भाषा शिकविणें हें इंग्रजीच्या शिक्षकाचें काम. गणित शिकविणाऱ्यास त्याचें काय, असा समज अमेरिकेंतील शाळांत दीर्घकाळ रूढ होता. तो कसा ढळला, हें वाचकांनीं अवश्य पाहावें.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक शाळांत इंग्रजी न बोलणारीं चिनी वंशाचीं २,८५६ मुलें होतीं. पैकीं सुमारें १,००० मुलांस जादा शिकवणी मिळे. सुमारें १,८०० मुलांस कांहींच मिळत नसे. त्यांच्या वतीनें केलेली फिर्याद ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या नांवानें सर्वोच्च न्यायालयांत गेली. इमारत तीच, पुस्तकें तींच, शिक्षक तेच, एवढ्यानें समानता होत नाहीं, असा निकाल न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं १९७४ सालीं लिहिला. उपाय कोणता, हें मात्र न्यायालयानें सांगितलें नाहीं. पुढें १९८१ सालीं टेक्सासमधील एका खटल्यांत अपील न्यायालयानें तीन कसोट्या घातल्या: योजनेस शास्त्राधार असावा, ती चालविण्यास योग्य माणसें व साधनें असावींत, आणि तिचें फळ दिसावें.

योग्य माणसें! खरी अडचण येथेंच होती. मुलगा दिवसांतील थोडाच वेळ भाषेच्या तासास बसतो. बाकीचा वेळ इतर विषयांत जातो. ‘टेबल’ म्हणजे जेवावयाचें मेज एवढेंच ज्यास ठाऊक, त्यास गणिताचे गुरुजी फळ्यावर टेबल मांडूं लागले म्हणजे काय बोध व्हावा? अशा वेळीं आंकड्यांपूर्वीं शब्द उलगडावा, चित्र काढून दाखवावें, मुलांस आपसांत बोलूं द्यावें, आणि धड्याचा विषयहेतु व भाषाहेतु दोन्ही आधींच ठरवावे, हें विषयशिक्षकासही शिकावें लागतें.

फ्लोरिडा राज्यानें तें १९९० च्या ऑगस्टमध्यें न्यायालयीन तडजोडीनें बंधनकारक केलें. अशीं मुलें ज्यांच्या वर्गांत असतील त्यांपैकीं इंग्रजीच्या शिक्षकांस ३०० तास, गणित, शास्त्र व समाजविद्या शिकविणाऱ्यांस ६० तास, इतरांस १८ तास शिक्षण ठरलें. साठ तास थोडेच, असें आमचें मत आहे. तरी जबाबदारी सर्वांची ठरली, हें लहान नव्हे. १९९० च्या दशकांत मुख्याध्यापक मात्र यांतून सुटले होते. २००३ सालीं त्यांसही ६० तास लागू झाले. वेळापत्रक आंखणारे तेच ना!