घरांतला कोळी आणि आमची भीति

पितृपंधरवडा सरत आला, कीं आमच्या घरांतून घटस्थापनेच्या तयारीची धांदल सुरू होते. बांबूच्या टोकाला केरसुणी बांधून आढ्याचीं व कोपऱ्यांचीं जळमटें काढणें हें त्या धांदलींतलें पहिलें काम. वर्षभर ज्याच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं, तो कोळी या आठ दिवसांत एकाएकीं घराचा शत्रु ठरतो. ही चाल जुनी आहे, आणि तींत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु अलीकडे तिच्यांत एक नवा सूर मिसळलेला आम्हांस ऐकूं येतो. आमच्या आईला कोळिष्टकांचा राग येई, तो तीं अलक्ष्मीची खूण म्हणून. कोळ्याला ती भीत नसे. आज भिंतीवर हाताएवढा कोळी दिसला, तर चांगलीं शिकलेलीं माणसें खोली सोडून बाहेर येतात आणि औषधाचा फवारा मागतात. रागाची जागा भीतीनें केव्हां घेतली, आणि ही भीति मुळांत आमची आहे काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. तो आमच्यापुढें उभा राहण्यास निमित्त मात्र घर नव्हे, तर कारखाना झाला.

सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मोहोळ तालुक्यांत, चिंचोळी काटीच्या शिवारांत कारखान्यांची एक मोठी वसाहत आहे. १९६२ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. त्याच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जोडून लोक या जागेला 'चिंचोळी एमआयडीसी' म्हणतात. दिवसा पाहिलें तर पत्र्याच्या छपरांपलीकडे ज्वारीचीं रानें आणि बाभळींचा माळ. रात्रीं पाहिलें तर त्या काळोख्या माळावर दिव्यांचें एक बेटच. तेथील एका कारखान्यांत आमचा एक जुना विद्यार्थी देखरेखीच्या कामावर आहे. गेल्या भाद्रपदांत त्याचा आम्हांस फोन आला. रात्रपाळीच्या बायकांच्या मानेवर, हातांवर, कोणाच्या पापणीवर भाजल्यासारखे लाल पट्टे उठत होते व त्यांवर बारीक फोड येत होते. "कोळी मुतला" असें त्या सर्वजणी एकमुखानें सांगत. छपराचीं जळमटें दोनदां काढविलीं, तरी फोड थांबेनात. शेवटीं कांहीं बायकांनीं रात्रपाळीस येण्याचें नाकारलें, आणि वरिष्ठांनीं "हा सारा अडाणीपणा आहे" असें म्हणून त्यांची मजुरी कापण्याचें ठरविलें. "सर, तुम्हीं आम्हांला इतिहास शिकविला. ही कोळ्याची गोष्ट आली तरी कोठून ?" असें तो विचारीत होता.

आम्ही वैद्य नव्हे, प्राणिशास्त्रज्ञहि नव्हे. परंतु गोष्टी कोठून येतात हें शोधणें आमच्या धंद्याचाच भाग असल्यामुळें आम्हीं प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळलों. आणि त्या बायकांच्या तोंडचें वाक्य आम्हांस सुश्रुतसंहितेंत सांपडलें !

सुश्रुताच्या कल्पस्थानाचा आठवा अध्याय कीटकांच्या विषासंबंधीं आहे. त्यांत 'लूता' म्हणजे कोळी याची उत्पत्ति सांगितली आहे, ती अशी : विश्वामित्र राजानें वसिष्ठाला कोपविलें, त्या कोपानें ऋषीच्या कपाळावर घामाचे थेंब आले व ते गाईसाठीं कापून ठेवलेल्या गवतावर पडले. त्या 'लून' म्हणजे कापलेल्या तृणापासून झाली ती लूता. तिच्या सोळा जाति सांगून त्यांतील आठ कष्टसाध्य व आठ असाध्य मानल्या आहेत. याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. कोळ्याचें विष केवळ दाढेंत असतें असें सुश्रुत मानीत नाहीं. लाळ, नखें, मूत्र, विष्ठा इत्यादि सात मार्गांनीं तें बाहेर पडतें असें तो सांगतो. आणि साध्य जातींपैकीं एकीचें तर नांवच 'मूत्रविषा' असें आहे. म्हणजे ज्या समजुतीला चिंचोळीच्या कचेरींत अडाणीपणा म्हटलें गेलें, ती एके काळीं या देशांतील सर्वोत्तम वैद्यकाची समजूत होती. पंडितांनीं टाकून दिलेली विद्या शेतकरणीच्या पदराला शतकानुशतकें बांधलेली राहते, याचें याहून चांगलें उदाहरण सहसा मिळावयाचें नाहीं.

पण वैद्याचा कोळी हा आमच्या परंपरेंतला एकटा कोळी नव्हे. मुंडकोपनिषदांत अक्षर ब्रह्मापासून विश्व कसें निघतें हें सांगतांना पहिला दृष्टांत दिला आहे तो ऊर्णनाभीचा, म्हणजे कोळ्याचा : तो आपल्यांतूनच तंतु काढतो व पुन्हां आपल्यांतच घेतो. ज्या प्राण्याची दहशत असेल, त्याला कोणी ब्रह्माच्या उपमेला घेणार नाहीं. अमरकोशानें कोळ्याच्या नांवांत लूता व ऊर्णनाभ यांच्याबरोबर 'तंतुवाय' हा शब्द दिला आहे, आणि तंतुवाय म्हणजे विणकरहि. हें नातें सोलापुरांत जितकें जिवंत आहे, तितकें क्वचित् दुसरीकडे असेल. कारण सोलापूर हें तीन भाषांचें गांव आहे. तेथील मागांवर पिढ्यान्पिढ्या बसलेल्या पद्मशाली समाजाच्या तेलुगु भाषेंत कोळ्याला 'सालेपुरुगु' म्हणतात. 'साले' म्हणजे विणकर, आपल्या मराठी 'साळी' या शब्दाचा सख्खा भाऊ, आणि 'पुरुगु' म्हणजे किडा. कानडींत कोळी म्हणजे 'जेड'. आणि शरणांच्या पूर्वकालीन वचनकारांतील जो जेडर दासिमय्या, तो जातीनें विणकर. मराठीनें मात्र या प्राण्याला विणकराऐवजीं कोळ्याचें, म्हणजे जाळें टाकून मासे धरणाऱ्याचें नांव दिलें. कोणी त्याचें सूत पाहिलें, कोणी त्याचें जाळें पाहिलें. पण तिन्ही भाषांनीं त्याला पाहिलें तें एक कसबी माणूस म्हणून. ज्या गांवांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी निघाली आणि जेथें मागाच्या आवाजावर हजारों घरें जगलीं, तेथें कोळी हा, म्हणावयाचें तर, जातभाईच होता.

तेलुगु घरांतून कोळ्याची आणखी एक गोष्ट सांगितली जाते. श्रीकाळहस्ति या क्षेत्राच्या नांवांतला 'श्री' म्हणजे कोळी, 'काळ' म्हणजे सर्प व 'हस्ति' म्हणजे हत्ती. हे तिघेहि शिवाचे भक्त. कृष्णदेवरायाच्या काळांतील धूर्जटि कवीनें हें माहात्म्य तेलुगूंत गाइलें आहे. कोळी लिंगावर आपल्या सुताचें मंदिर विणतो. दिव्याच्या ज्योतीनें तें जळतें. तेव्हां तो त्या ज्योतीवरच झेप घेतो, आणि देव त्याला मुक्ति देतो. तात्पर्य, जुन्या काळीं आमच्याकडे दोन कोळी होते : एक वैद्याचा, अंगावर फोड आणणारा, दुसरा विणकराचा व भक्ताचा. पहिल्यापासून जपावें, दुसऱ्याचें कौतुक करावें, आणि दोघांचींहि जळमटें घटस्थापनेपूर्वीं काढून टाकावीं, अशी ती व्यवस्था होती. किंचाळून पळण्यास तींत जागा नव्हती.

ती जागा युरोपच्या इतिहासांत आहे. दक्षिण इटलींतील तारांतो या गांवावरून ज्याला 'टॅरेंट्युला' हें नांव पडलें, त्या कोळ्याच्या दंशानें माणूस वेडा होतो व नाचून घाम काढल्याखेरीज बरा होत नाहीं, अशी तिकडे कित्येक शतकें समजूत होती. त्या उपचारासाठीं वादक बोलावीत. किर्शर नांवाच्या जेझुइट पंडितानें १६४१ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा नाचांचे सूर छापले आहेत. वस्तुतः त्या कोळ्याचा दंश सौम्य असतो. १९५९ सालीं एर्नेस्तो दे मार्तिनो या इटालियन पंडितानें आपल्या सहकाऱ्यांसह त्या प्रांतांत जाऊन अशा रुग्णांची पाहणी केली, तेव्हां त्यांत मोठा भरणा गरीब शेतकरी स्त्रियांचा आढळला. ज्या दुःखाला घरांत तोंड नव्हतें, त्याला कोळ्याच्या नांवानें तोंड मिळत होतें, असें त्याचें म्हणणें. हें वाचतांना आमच्या डोळ्यांसमोर चिंचोळीची रात्रपाळी उभी राहिली, हें आम्ही लपवीत नाहीं.

इंग्लंडांतली भीति निराळी. ती ऋतूची आहे. तेथें ऑगस्टच्या अखेरीपासून थंडीची चाहूल लागली, कीं मोठमोठे कोळी घरांत शिरतात असें लोक मानतात. खरें पाहतां त्यांतील बहुतेक आधींपासूनच घराच्या आडोशाला असतात. त्या दिवसांत वयांत आलेले नर मादीच्या शोधार्थ जाळें सोडून फिरूं लागतात, म्हणून ते डोळ्यांवर येतात इतकेंच. आमच्या पिढीला इंग्रजी पुस्तकांनीं जो कोळी प्रथम दाखविला, तो मात्र भयाचा नव्हता. स्कॉटलंडचा राजा ब्रूस गुहेंत पडला असतां पुनःपुन्हां खालीं पडूनहि वर चढणारा कोळी पाहून त्याला धीर आला, ही गोष्ट सर वॉल्टर स्कॉटनें १८२८ सालीं लोकप्रिय केली, आणि मराठी शाळांतून ती मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगितली गेली. दुसरा इंग्रजी कोळी मागाहून आला : १८०५ सालीं प्रथम छापलेल्या एका बालगीतांतला, कुमारी मफेटला भिववून पळविणारा. हें गीत आतां आमच्या बालवाड्यांतून तीन वर्षांचीं मुलें हातवारे करून म्हणतात. कोळी आला, कीं घाबरून पळावयाचें, हें त्यांना कोळी ओळखण्यापूर्वींच पाठ होतें !

यावर कोणी म्हणेल, कीं ही भीति शिकवावी लागत नाहीं, ती उपजतच असते. २०१७ सालीं लाइपझिग येथील संशोधकांनीं सहा महिन्यांच्या अर्भकांना कोळ्याचीं चित्रें दाखविलीं, तेव्हां त्यांच्या डोळ्यांतील बाहुल्या विस्फारल्याचें आढळलें. पण बाहुली विस्फारणें म्हणजे सावध होणें; सावधपणाचें भय करावयाचें कीं कौतुक, हें घर व समाज शिकवितात. ग्रॅहम डेव्ही या मानसशास्त्रज्ञानें १९९४ सालीं असें मत मांडलें, कीं युरोपांत कोळ्याची भीति मध्ययुगांतील रोगराईच्या धास्तीशीं जोडली गेली असावी. हें मत सर्वमान्य नाहीं. पण दंशापेक्षां विटाळ अधिक भिववितो हें त्याचें सूत्र आमच्या 'कोळी मुतला' या समजुतीसहि लागू पडतें.

आतां त्या फोडांकडे वळूं. त्वचारोगांच्या एका तज्ज्ञांस आम्हीं ती हकीकत कळविली. त्यांनीं प्रत्यक्ष तपासणी करवून जो आरोपी दाखविला, तो आठ पायांचा नव्हताच. नारिंगी व काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा, सुमारें पाऊण सेंटिमीटर लांबीचा एक भुंगेरा. शास्त्रांत त्याला 'पीडेरस' म्हणतात. ओलसर रानांत तो वाढतो आणि पावसाळ्यांत व त्यानंतर रात्रीं दिव्यांकडे झेपावतो. तो चावत नाहीं, डंखहि मारीत नाहीं. पण मानेवर बसला असतां आपण त्याला हातानें चिरडलें, कीं त्याच्या अंगांतील दाहक रस त्वचेवर पसरतो. फोड उठतात ते मात्र दुसऱ्या दिवशीं. तोंवर भुंगेऱ्याची आठवण कोणास राहणार ? सकाळीं उठून पाहावें, तों भिंतीवर कोळी बसलेला ! भारतांत व श्रीलंकेंत अनेक ठिकाणीं हा दाह कोळ्याच्याच नांवावर जमा आहे. शिवाय ज्या दिव्यानें भुंगेरा येतो, त्याच दिव्याच्या किड्यांसाठीं कोळीहि तेथें येतो. म्हणजे दोघांची सांगड रोजच डोळ्यांना दिसते. जुन्या वैद्यकाचा मूत्रविषाचा तर्क अशाच अनुभवांवर उभा राहिला असेल काय, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

म्हणजे त्या बायका खोटें बोलत नव्हत्या, आणि वरिष्ठहि सर्वस्वीं चुकत नव्हते. फोड खरे होते. आरोपी चुकला होता. दारावरचे दिवे दूर खांबांवर हलविले, खिडक्यांना जाळी बसविली, अंगावर किडा बसल्यास चिरडूं नये, फुंकून उडवावा व जागा साबणानें धुवावी असें सर्वांस सांगितलें, तेव्हां फोड कमी झाले व बायका रात्रपाळीस येऊं लागल्या. कापलेली मजुरी त्यांना परत मिळाली कीं नाहीं, हें आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास दोनदां विचारलें. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

चुकीच्या आरोपीची किंमत नेहमीं इतकी थोडी नसते. २०१२ सालीं आसामांत सादियाकडील एका गांवीं कोळ्यांच्या दंशाची हूल उठली. दोन मृत्यु त्यांच्या माथीं मारले गेले; परंतु ते विषानें झाले हें सिद्ध झालें नाहीं, आणि दंश झालेल्यांच्या जखमा मांत्रिकांनीं पात्यांनीं चिरल्याचें मात्र डॉक्टरांनीं सांगितलें. जगांत कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांतील माणसास घातक अशा जाति हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्या भिंतीवरचा तो मोठा, चपटा, जाळें न विणणारा कोळी तर रात्रभर झुरळें टिपीत असतो. याउलट ज्याची खरी भीति बाळगावी, तो लाल विंचू महाराष्ट्राच्या खेड्यांत शेकडों जीव घेत आला. नाथांच्या भारुडामुळें विंचू आमच्या तोंडीं राहिला, पण त्याच्या विषावर इलाज नव्हता. महाड येथें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं खेड्यांतील रोग्यांच्या उशाशीं बसून त्या विषानें हृदयावर काय परिणाम होतो हें टिपलें आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधानें ते जीव वाचतात, हें १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांनीं विंचवाची भीति हंसण्यावारी नेली नाहीं कीं तिची पूजाहि केली नाहीं. ती तपासून पाहिली.

भीतीशीं वागण्याची हीच रीति आम्हांस खरी वाटते. 'अडाणीपणा' म्हणून हिणविल्यानें भीति जात नाहीं. ती फक्त आपल्यापुढें बोलेनाशी होते, आणि तिच्याबरोबर एखादा खरा फोडहि झांकला जातो. यंदा घटस्थापनेपूर्वीं आमच्या घरींहि जळमटें निघतील, कारण आईची चाल मोडण्याचें आमच्या मनांत नाहीं. केरसुणीपुढून निसटून जो कोळी दाराबाहेर जाईल, त्याला मात्र यंदा जाऊं द्यावें, असें आम्हीं घरांत सांगून ठेविलें आहे.