सीट चांगली, बेल्ट चांगला, मग घोळ कुठे?

आज गोष्ट लहान मुलांच्या कार सीटची. १९३० च्या दशकातल्या या सीट्स मूल उंचावर बसावं, त्याला बाहेरचं दिसावं, एवढ्यासाठीच होत्या. जीव वाचवायचा विचार आला १९६० च्या दशकात. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी मागे तोंड असलेली सीट बनवली. कल्पना सुचली अंतराळवीरांच्या आसनांवरून.

खरा घोळ पुढे झाला. सीट एका कंपनीची, गाडी दुसरीची, आणि दोघांना जोडणारा बेल्ट मोठ्या माणसासाठी बनवलेला. असा बेल्ट झटका बसला तरच लॉक होतो, एरवी सैल सुटतो. काही गाड्यांत बेल्टचं टोक गादीच्या फटीपासून बरंच पुढे. कितीही ओढा, सीट हलायचीच. अमेरिकेत तर बेल्ट घट्ट राहावा म्हणून धातूची वेगळी क्लिप लावावी लागे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, दोन्ही मॉड्यूल ठीक, इंटरफेसच ठरलेला नाही! तो आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला १९९९ मध्ये: आयसोफिक्स. गादीच्या फटीत ६ मिलिमीटर जाडीच्या दोन सळ्या, मध्ये २८० मिलिमीटर अंतर. सीट त्यांना थेट अडकते. अमेरिकेने २००२ पासून नव्या गाड्यांत असे अँकर सक्तीचे केले.

आपल्याकडे २०१९ च्या कायदादुरुस्तीने १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे. पण दंड सोडा, सीट घेण्याआधी गादीच्या फटीत हात घालून सळ्या आहेत का बघा. नसतील तर बेल्टने बसणारी सीट घ्या. बसवल्यावर बेल्टपाशी धरून हलवा. इंचभराहून जास्त हलली, तर पुन्हा बांधा.